नोंद ठेवणाऱ्याचीही झडती घ्या

संगणकात घुसखोरी झाली की तपास करणारा सगळ्यात आधी लॉग मागतो. कोण आले, किती वाजता आले, कुणाचा पासवर्ड चुकला, कोणती सेवा मध्येच बंद पडली, हे तिथे ओळीने लिहिलेले असते. खुद्द लॉग लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरकडे मात्र कुणी संशयाने पाहत नाही. माझ्या मते आधी पाहायला हवे ते त्याच्याकडेच. लॉगमध्ये जाणारा बराचसा मजकूर परक्या माणसाने पुरवलेला असतो. खोटे युजरनेम टाकणारा किंवा वेडीवाकडी विनंती धाडणारा हल्लेखोर असू शकतो, आणि नेमकी त्याचीच नोंद करणे हे लॉगचे काम. सर्व्हर विनंती नाकारू शकतो. ती नाकारल्याची नोंद मात्र करावीच लागते. त्यातून हा कोड पुष्कळदा ‘रूट’च्या, म्हणजे त्या यंत्रावरच्या सर्वाधिकाऱ्याच्या, हक्काने चालतो.

अशा कोडमधला जुना धोका म्हणजे बफर फुटणे. बफर म्हणजे मजकूर तात्पुरता ठेवण्यासाठी मेमरीत राखलेली ठरावीक मापाची जागा. सी भाषेत तिची हद्द आपोआप राखली जात नाही; ती प्रोग्रॅमरनेच मोजायची असते. अर्जावर नावासाठी वीस चौकोन असावेत आणि भरणाऱ्याने चाळीस अक्षरे रेटत शेजारच्या ‘मंजूर रक्कम’ या रकान्यावरही लिहून टाकावे, तसा हा प्रकार. जादा मजकूर हल्लेखोराने विचारपूर्वक रचला असेल, तर संगणक त्याच्या तालावर चालू लागतो. १९८८च्या मॉरिस वर्म या घुसखोर प्रोग्रॅमने फिंगर सेवेतल्या ५१२ बाइटांच्या बफरवर हेच केले. त्यातून जग शहाणे झाले म्हणावे, तर ऑक्टोबर १९९५मध्ये अमेरिकेतल्या सर्ट समन्वय केंद्राला युनिक्समधल्या सिसलॉग या लॉग लिहिणाऱ्या फंक्शनबद्दल इशारा द्यावा लागला. ते आपल्या बफरची हद्द तपासत नव्हते, आणि सेंडमेल या टपाल सॉफ्टवेअरच्या वाटेने दूरवरूनही त्याचा फायदा घेता येत होता.

याच नावाच्या फंक्शनची पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. ३० जानेवारी २०२४ रोजी क्वालिस या सुरक्षा कंपनीने ग्लिबसी, म्हणजे लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम ज्या सी लायब्ररीवर उभे असतात तिच्यातली एक चूक जाहीर केली. सिसलॉग प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला प्रोग्रॅमचे नाव घालतो. ही सुरुवात १०२४ बाइटांत मावली तर सगळे ठीक. मावली नाही, तर किती मेमरी लागेल हे सांगणारा आकडा शून्यच राहायचा. मग कोड शून्य अधिक एक, म्हणजे अवघा एक बाइट मागून घ्यायचा आणि त्यात हजाराहून जास्त बाइट ओतायचा. नावे एवढी लांब कुठे असतात, असे वाटेल. पण काही प्रोग्रॅम सिसलॉगला स्वतःचे नाव वेगळे कळवत नाहीत, आणि अशा वेळी तो जे नाव उचलतो ते प्रोग्रॅम सुरू करणाराच ठरवू शकतो. ‘सू’ ही रूटच्या हक्काने चालणारी आज्ञा लांबलचक नावाने चालवून साधा वापरकर्ता रूट होऊ शकतो, हे क्वालिसने दाखवले. डेबियन १२, उबुंटू २३.१० आणि फेडोरा ३७ ते ३९ या लिनक्सच्या आवृत्त्या या चुकीच्या टप्प्यात होत्या. आणि ही चूक शिरली कशी? याच फंक्शनमधली दुसरी, किरकोळ त्रुटी दुरुस्त करताना, ऑगस्ट २०२२मध्ये!

यासाठी हल्लेखोराला आधी त्या यंत्रावर खाते हवे, मग एवढा गवगवा कशाला, असे कुणी विचारेल. पण घुसखोरी टप्प्याटप्प्यानेच होते. पहिल्या फटीतून बहुधा मर्यादित हक्कांचे खाते हाती लागते, आणि पुढची पायरी चढायला असलीच चूक लागते. शिवाय २०२२मध्ये आरसिसलॉग या लॉग सेवेत सापडलेली त्रुटी नेटवर्कवरून येणाऱ्या संदेशांची होती. संदेश किती लांब आहे हे सांगणारे अंकच तिथे बफरबाहेर सांडत होते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: सी सोडा, हद्द राखणारी भाषा घ्या. नव्या कामासाठी हे मान्यच. पण डिसेंबर २०२१मध्ये जगभर धावपळ उडवणारे लॉगफोरजे हे लॉग लिहिणारे सॉफ्टवेअर जावा या भाषेत लिहिलेले होते. तिथे बफर फुटला नाही. नोंदीत आलेल्या परक्या मजकुरालाच ते आज्ञा समजून बसले. भाषा बदलली तरी परक्या मजकुरावरचा विश्वास तसाच राहतो. उलट, जुन्या कोडलाही कवच घालता येते. जानेवारी २०१९मध्ये सिस्टमडीच्या जर्नलडी या लॉग सेवेतल्या त्रुटी जाहीर झाल्या, तेव्हा फेडोरा २८ आणि २९वर त्यांचा गैरफायदा घेता येत नव्हता, कारण तिथले प्रोग्रॅम मेमरीतल्या स्टॅक या भागाचे रक्षण करणारा जीसीसी कंपायलरचा पर्याय वापरून बांधलेले होते.

लॉगच बंद करा, हा उपाय नव्हे. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार भारतातल्या कंपन्यांना आणि सरकारी संस्थांना १८० दिवसांचे लॉग जपून ठेवावे लागतात, आणि ते योग्यच आहे. तेव्हा आपल्या कार्यालयातल्या सर्व्हरवरची लॉग सेवा आणि ग्लिबसी शेवटचे कधी अपडेट झाले, हे ते सांभाळणाऱ्याला एकदा विचाराच.