लेखाशीर्षातून गावापर्यंत

महाराष्ट्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात एकूण 7 लाख 20 कोटी रुपयांचा खर्च धरण्यात आला. हा आकडा गावांच्या हिशेबाने मांडलेला नसतो. त्याची मांडणी खात्यांनुसार आणि खात्यांच्या आत लेखाशीर्षांनुसार, म्हणजे खर्चाच्या क्रमांक दिलेल्या शीर्षांनुसार होते. त्यामुळे भिवंडी तालुक्यातल्या अकलोलीसारख्या गावाला सरकारकडून किती पैसे मिळाले, याचे एका ओळीत उत्तर कुठेच मिळत नाही. गावात पैसा येतो तो निरनिराळ्या वाटांनी, आणि प्रत्येक वाटेचे नियम वेगळे.

राज्यघटनेच्या कलम 202 नुसार दरवर्षी जमाखर्चाचे अंदाज विधिमंडळापुढे ठेवावे लागतात. विधानसभा खात्यांच्या मागण्या मंजूर करते, मग विनियोजन विधेयक संमत होते आणि त्यानंतरच तिजोरीतून पैसा काढता येतो. वर्षाच्या मधेच खर्च वाढला, तर पुरवणी मागण्या येतात. नाव पुरवणीचे असले, तरी रक्कम किरकोळ असतेच असे नाही. जुलै 2024 मध्ये 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. त्यांत नुकत्याच जाहीर झालेल्या लाडकी बहीण योजनेसाठी 25 हजार कोटी होते.

पूर्वी योजना आणि योजनेतर असे खर्चाचे दोन भाग असत. 2017-18 पासून ही विभागणी गेली. आता अनिवार्य खर्च आणि कार्यक्रमांवरील खर्च असे म्हणतात. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरील व्याज टाळता येत नाही. 2025-26 मध्ये महसुली जमा 5,60,964 कोटी आणि महसुली खर्च 6,06,855 कोटी धरला होता, म्हणजे सुरुवातीलाच 45,891 कोटींची तूट. अशा वेळी कात्री लागते ती कार्यक्रमांना.

कार्यक्रमांवरील खर्चाचा एक भाग जिल्ह्यांकडे जातो. त्याला जिल्हा वार्षिक योजना म्हणतात. 2025-26 साठी तिच्या सर्वसाधारण भागाला 20,165 कोटी होते. त्याचे वाटप पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती ठरवते. अनुसूचित जाती आणि आदिवासी यांच्यासाठीचा निधी वेगळा असतो. आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात नियोजनाचा पैसा बाजूला काढण्याची पद्धत सुकथनकर समितीच्या शिफारशींनंतर 1993-94 पासून रूढ झाली. भिवंडी तालुक्यातली काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. अशा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी घटक कार्यक्रमातला 5 टक्के निधी थेट देण्याचा निर्णय राज्याने 2015 मध्ये घेतला.

अकलोली तानसा नदीच्या काठी आहे. इथली गरम पाण्याची कुंडे प्रसिद्ध आहेत, शेजारी वज्रेश्वरी आणि गणेशपुरी. त्यामुळे बाहेरून येणाऱ्यांचा राबता असतो. आता समजा, अशा गावात तीन कामे करायची आहेत: कुंडांभोवती पायऱ्या व फरसबंदी, पाड्याकडे जाणारा रस्ता आणि वस्तीसाठी पाण्याची टाकी. गावाच्या दृष्टीने ही एकाच ग्रामसभेत मांडायची कामे. सरकारच्या दृष्टीने मात्र तीन वेगळी प्रकरणे. कुंडांचे काम पर्यटन विकासात किंवा तीर्थक्षेत्र विकासात बसवावे लागते. तीर्थक्षेत्रांना अ, ब, क असे वर्ग असतात आणि वर्गानुसार निधी कुणी द्यायचा हे ठरते; ‘क’ वर्गाला मान्यता जिल्हा नियोजन समितीच देते. रस्ता ग्रामीण मार्ग असेल, तर जिल्हा परिषदेकडे, आणि पैसा 3054 या शीर्षातून. गल्लीतला काँक्रीट रस्ता किंवा सभामंडप असेल, तर ग्रामविकास खात्याचे 2515. हे आकडे मुळात हिशेबनिसांचे. पण ‘पंचवीस-पंधरातून काम आणलं’ हे वाक्य आता गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या तोंडी आहे. त्यांचे बरोबरच आहे. राज्याचा एकूण आकडा माहीत असून गावाचा रस्ता होत नाही. काम कोणत्या शीर्षात बसते हे माहीत असले, तर निदान अर्ज योग्य टेबलावर जातो.

टाकीचे तसे नाही. केंद्रीय वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो. पंधराव्या आयोगाच्या निधीचे महाराष्ट्रात 80 टक्के ग्रामपंचायतीला, 10 टक्के पंचायत समितीला आणि 10 टक्के जिल्हा परिषदेला असे वाटप ठरले. मात्र 2021-22 पासून त्यातला 60 टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. टाकी त्यात बसते, फरसबंदी बसत नाही. ज्या गावात नळ आधीच आहेत आणि रस्ते उखडलेले आहेत, तिथे हे बंधन जाचक ठरते. मग उरतो बाकीचा भाग आणि घरपट्टी-पाणीपट्टी, आणि लहान गावात ती कितीशी असणार?

तरतूद झाली म्हणजे पैसा आला, असेही नाही. आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा. आणि वित्त विभागाने निधी ‘बीम्स’ या संगणक प्रणालीवर वितरित केल्याशिवाय बिल निघत नाही. भूमिपूजनाची पाटी लागूनही काम रखडते, त्याचे कारण पुष्कळदा इथेच असते. वर्षभर रोखलेला पैसा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुटतो आणि कोषागारांत रात्री उशिरापर्यंत दिवे चालू राहतात. 31 मार्चला न खर्चलेला निधी परत जातो. जिल्हा परिषदेला मात्र जिल्हा योजनेचा पैसा पुढच्या आर्थिक वर्षाअखेरपर्यंत वापरता येतो.

या पद्धतीपेक्षा वेगळा, एका योजनेसाठी खास कर लावण्याचा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. रोजगार हमी योजना चालवायला पैसा हवा म्हणून 1975 मध्ये व्यवसाय कर लावण्यात आला. नोकरदाराच्या पगारातून आजही महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात ते याच कराचे. वर्षाचे 2500, कारण घटनेने तेवढीच मर्यादा घातली आहे. या कराच्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्याने स्वतःची घालायची, असे ठरले. 1977 च्या कायद्याने काम मागणे हा हक्क झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातल्या मजुरीचा भार उचलावा, ही रोजगार हमीची कल्पना मांडणाऱ्या वि. स. पागे यांच्या योजनेमागची सरळ मांडणी होती. मात्र कराचा पैसा जमा होऊनही सगळा मजुरीवर गेला नाही. वर्षानुवर्षे निधी शिल्लक राहिल्याबद्दल टीका होत राहिली.

खर्च झाल्यावर राज्याचे हिशेब महालेखापाल तपासतात आणि त्यांचे अहवाल विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे जातात. ग्रामपंचायतीची तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा करते. जमाखर्च ग्रामसभेपुढेही ठेवावा लागतो. कोणत्या शीर्षातून किती आले आणि कोणत्या कामावर गेले, हे अकलोलीच्या कुणाही मतदाराला तिथे विचारता येते.