मद्रासचा किनारा, मॉस्कोची अटक आणि कुटुंबांची प्रतीक्षा

चेन्नई : जॉर्ज टाउनलगतच्या मद्रास उच्च न्यायालयासमोरील समुद्रकिनाऱ्यावर १ मे १९२३ रोजी कामगारनेते एम. सिंगारवेलू यांनी भारतातील पहिला कामगार दिन साजरा केला. त्याच दिवशी स्थापन झालेल्या त्यांच्या ‘लेबर किसान पार्टी’ला साहाय्य करणारे क्रांतिकारक अवनी मुखर्जी त्या काळात मॉस्कोहून गुप्तपणे भारतात आले होते. इंग्रज पोलिसांना हुलकावणी देणाऱ्या मुखर्जींचा अंत मात्र त्यांनी आश्रयस्थान मानलेल्या देशातच झाला.

ऑक्टोबर १९२० मध्ये ताश्कंद येथे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचा पाया घालणाऱ्या सात जणांत मुखर्जी, त्यांच्या रशियन पत्नी रोझा फिटिंगोव्ह आणि मद्रासचे एम. पी. टी. आचार्य यांचा समावेश होता. आचार्य यांचे पक्षाशी मतभेद झाले व १९२२ मध्ये ते चित्रकार पत्नी माग्दा नाखमान यांच्यासह बर्लिनला गेले. पुढे हे दांपत्य मुंबईत स्थायिक झाले. माग्दा यांचे १९५१ मध्ये, तर आचार्य यांचे १९५४ मध्ये मुंबईतच निधन झाले.

जे सोव्हिएत संघात राहिले, त्यांच्या वाट्याला स्टॅलिनकालीन दमनचक्र आले. मुखर्जींना जून १९३७ मध्ये अटक झाली आणि २८ ऑक्टोबरला देहदंड देण्यात आला. सरोजिनी नायडू यांचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांना त्याच वर्षी २ सप्टेंबरला गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या पत्नी लिडिया कारुनोव्स्काया लेनिनग्राडमध्ये मानववंशशास्त्राच्या अभ्यासक होत्या.

या दमनाचा घाव केवळ आरोपींपुरता मर्यादित नव्हता. ऑगस्ट १९३७ च्या एका गुप्त आदेशाने ‘देशद्रोह्यां’च्या पत्नींची छावण्यांत आणि मुलांची अनाथालयांत रवानगी करण्याची व्यवस्था केली. देहदंड झालेल्यांच्या नातेवाइकांना सर्रास ‘पत्रव्यवहाराच्या अधिकाराविना दहा वर्षांची शिक्षा’ असे खोटे उत्तर दिले जाई. स्टॅलिनच्या मृत्यूनंतर अनेकांना निर्दोष ठरविण्यात आले. तथापि, तेव्हाही कुटुंबांना मृत्यूचे बनावट कारण व दिनांक कळविले जात. खरी माहिती देण्यास १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुभा मिळाली.

तोवर कित्येक पत्नी व माता हयात नव्हत्या. परतून येण्याची आशा सोडावी की नाही, हे ठरविण्याचा अधिकारही राजसत्तेने या कुटुंबांकडून हिरावून घेतला होता. भारतीय क्रांतिकारकांच्या इतिहासात या घरांची नोंद आजही अत्यल्प आढळते.