वकीलपत्र दुसऱ्या हाती देताना

गाढी नदीच्या काठचे विचुंबे आता नवीन पनवेलला जवळजवळ चिकटले असून जुना मुंबई-पुणे महामार्ग, कळंबोलीहून सुटणारा द्रुतगती मार्ग, पनवेलचे रेल्वे जंक्शन आणि तळोज्याची औद्योगिक वसाहत ही सारी ठिकाणे तेथील माणसांच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या टप्प्यात येतात. यांपैकी कोठेही कोणी जायबंदी झाला, तर भरपाई कोणत्या दारात मागायची हे अपघाताच्या प्रकारावरून ठरते. वाहनाने दुखापत झाली असल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. लोकलमधून पडल्यास १९८७ च्या कायद्याने निर्माण झालेले रेल्वे दावा न्यायाधिकरण गाठावे लागते. कारखान्यात हात सापडल्यास कर्मचारी भरपाईच्या कायद्याखालील सक्षम अधिकाऱ्याकडे जावे लागते, पण तोच कामगार राज्य विमा योजनेत असेल तर हे शेवटचे दार बंद होऊन लाभ त्या योजनेतूनच मागावा लागतो. कुटुंब मात्र सहसा आधी ओळखीच्या वकिलाकडे जाते, आणि त्याचे नित्याचे काम सातबारा, वारसनोंद, भाडेकरार किंवा न वटलेले धनादेश असे असू शकते. हा दावा स्वतः चालवावा की ‘क्लेमची कामे’ करणाऱ्या मुरलेल्या वकिलाकडे सोपवावा, हा प्रश्न तेथे उभा राहतो.

अनुभवाने पडणारा फरक आकड्यांत मांडता येतो. उदाहरणादाखल ३४ वर्षांचा, महिना २०,००० रुपये कमावणारा, स्वतःचा टेम्पो चालवणारा एक चालक घ्यावा, ज्याचा डावा हात कापावा लागला आणि ज्याच्या प्रमाणपत्रावर ६० टक्के कायमचे अपंगत्व लिहिले आहे. वर्षाची कमाई २,४०,००० रुपये. तीत, स्वयंरोजगार करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसासाठी प्रणय सेठी खटल्यात (२०१७) सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेली ४० टक्के भावी वाढ मिळवली की ३,३६,००० होतात. आणि सरला वर्मा खटल्यातील (२००९) कोष्टकाप्रमाणे ३१ ते ३५ वयोगटाचा १६ हा गुणक, म्हणजे वार्षिक नुकसानीला ज्या आकड्याने गुणायचे तो, लावला की ५३,७६,००० रुपये येतात. या रकमेचे ६० टक्के मागितले तर दावा ३२,२५,६०० रुपयांवर थांबतो. परंतु राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निवाड्याने शरीराचे अपंगत्व आणि कमाईची हानी यांत भेद केला आहे: डावा हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, चालकाची किंवा सुताराची कमाई मात्र जवळजवळ पूर्णच बुडते. हा भेद ज्याला ठाऊक आहे तो वकील वाहनपरवाना, कमाईचे कागद आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरची साक्ष आणतो, कारण नुसते प्रमाणपत्र जोडल्याने अपंगत्व सिद्ध होत नाही. आणि मग साडेएकवीस लाखांची तफावत भरून निघण्याचा मार्ग मोकळा होतो. मागणीपेक्षा अधिक रक्कम देण्याची मुभा न्यायाधिकरणाला आहे, हे नागप्पा खटल्यात (२००३) स्पष्ट झाले असले, तरी जो पुरावा दप्तरात आलाच नाही त्यावरून कोणी अधिक देत नाही.

सोपवण्याची रीत साधी आहे. वकीलपत्र, म्हणजे आपल्या वतीने न्यायालयात उभे राहण्याचा पक्षकाराने दिलेला लेखी अधिकार, आधीच दाखल झाले असेल, तर भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांप्रमाणे नव्या वकिलाला पहिल्याची संमती घ्यावी लागते, आणि ती न मिळाल्यास कारण सांगून न्यायालयाची परवानगी मागावी लागते. पहिल्याची फी थकली असली तरी त्याला अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना खटल्यात २००० साली ठरवले. दावा अजून दाखल झालेला नसल्यास हा प्रश्न उद्भवतच नाही, म्हणून सोपवायचेच असेल तर ते आरंभीच सोपवणे सर्वांच्या सोयीचे ठरते.

अवघड भाग पैशाचा आहे. अमेरिकेत दुखापतीचे दावे बहुधा वसूल रकमेच्या हिश्श्यावर चालतात आणि काम पाठवणाऱ्या वकिलालाही त्यातला वाटा मिळू शकतो. तेथील बार असोसिएशनच्या आदर्श नियमांनी त्यासाठी अशिलाची लेखी संमती, आणि केलेल्या कामाच्या प्रमाणात वाटणी किंवा दोघांची संयुक्त जबाबदारी, अशा अटी घातल्या आहेत. भारतात मुळात तो हिस्साच निषिद्ध आहे. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटेकरी होणे वकिलाला मना आहे. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या मुंबईच्या एका वकिलाने वसुलीचा निम्मा भाग घेण्याचा करार केला होता. असा करार इतर कोणी केला असता तर तो केवळ त्या कारणाने बेकायदा ठरला नसता, पण वकिलाच्या बाबतीत तो व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे त्या निवाड्याने सांगितले. फीची वाटणी वकील नसलेल्या कोणाशीही करता येत नाही, आणि काम मिळवून देणाऱ्या दलालांची यादी लावण्याचा अधिकार वकील अधिनियम, १९६१ च्या कलम ४५अ ने न्यायालयांना दिला आहे. तरीही ‘टक्क्यावर केस’ हा शब्दप्रयोग कोणाला समजावून सांगावा लागत नाही, यातच नियम आणि व्यवहार यांतले अंतर दिसते. अमेरिकी पद्धत अधिक नीतिमान आहे असे नव्हे, पण तिथला वाटा निदान कागदावर येतो. येथे तो बंद असल्याने जो कोणी घेतो तो अंधारात घेतो, आणि आपल्या तुटलेल्या हाताच्या भरपाईतून किती जणांचे भागले हे जखमीला कळत नाही. दोन वकिलांनी प्रत्यक्ष केलेल्या कामाची ठरीव फी वेगवेगळी घेऊन पावती देणे हा मार्ग मात्र खुला आहे.

या साऱ्याला मुदतीचा काच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने, जी या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली, अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करण्याची मर्यादा पुन्हा आणली, आणि तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले तरी सावध वकील ती पाळूनच चालतो. अपघात दूरच्या जिल्ह्यात घडला असला तरी दावेदाराला आपल्या राहत्या भागातील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, त्यामुळे विचुंब्याच्या कुटुंबाला घटनास्थळाजवळचा वकील शोधण्याची सक्ती नाही. शिवाय १ एप्रिल २०२२ पासूनच लागू झालेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, आणि कायद्याने त्या अहवालालाच भरपाईचा अर्ज मानता येते; म्हणजे एकाही वकिलाचे वकीलपत्र दाखल होण्यापूर्वी दावा सुरू झालेला असू शकतो.