स्क्रीनचा उजेड आपोआप का बदलतो?

नाशकात वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि स्क्रीन मंदावते. हा बिघाड नव्हे, वीजबचत. जास्त छळतो तो दुसरा प्रकार: काळी विंडो उघडताच उजेड उतरतो, पांढरे पान येताच चढतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ब्राइटनेस या वाटेने जाऊन ‘चेंज ब्राइटनेस बेस्ड ऑन कन्टेन्ट’ बंद करावे. तरीही खेळ चालूच राहिला, तर ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमधली बचत तपासावी. एएमडीत तिचे नाव व्हेरी-ब्राइट.

संध्याकाळी स्क्रीन पिवळसर होते ती ‘नाइट लाइट’मुळे. ती सूर्यास्ताला जोडलेली असेल, तर नाशकात डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास, जूनअखेर सव्वासातच्या आसपास रंग बदलतो. फोटो किंवा छपाईचे काम करणाऱ्यांनी ती बंदच ठेवलेली बरी.