आमवाताची रक्तचाचणी काय सांगते?

जंतू शरीरात शिरला की रक्तातील बी-पेशी त्याला नेमकी चिकटणारी प्रथिने तयार करतात. ही प्रथिने म्हणजे प्रतिपिंडे, अर्थात अँटिबॉडी. ती ज्याला चिकटतात तो प्रतिजन, म्हणजे अँटिजेन. शरीराच्या स्वतःच्याच घटकांवर उठणाऱ्या बी-पेशींना एरवी आवर घातला जातो. हा आवर सुटला की स्वप्रतिपिंडे तयार होतात.

त्यांचा रोख कशावर आहे, यावर आजाराचे रूप पुष्कळसे अवलंबून असते. थायरॉईडच्या पेशींवरील टीएसएच या संप्रेरकाच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटून ती ग्रंथीला सतत राबवतात, तेव्हा ग्रेव्हज आजार होतो. स्नायूंवरील ॲसिटिलकोलीनच्या ग्राहीवर त्यांचा हल्ला झाला तर मायस्थेनिया होतो आणि पापण्या मिटू लागतात. ल्युपस या आजारात ती पेशीकेंद्रातील डीएनएला चिकटतात. प्रतिपिंड आणि डीएनएच्या या जोड्या मूत्रपिंडात साचल्या की तिथे दाह होतो.

आमवातात, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, दोन स्वप्रतिपिंडे महत्त्वाची आहेत. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर हे आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाच्याच शेपटाला चिकटते. नॉर्वेचे एरिक वॉलर यांनी १९४० मध्ये त्याचे वर्णन केले. दुसरे अँटी-सीसीपी. दाह झालेल्या ऊतींमध्ये काही प्रथिनांतील आर्जिनीन या घटकाचे सिट्रुलीन होते. धूम्रपानाने हा बदल फुप्फुसातही वाढतो. हे बदललेले प्रथिन काहींच्या शरीराला परके वाटते आणि त्यावर अँटी-सीसीपी तयार होते. सांधे दुखू लागण्यापूर्वी काही वर्षे आधीही अँटी-सीसीपी रक्तात सापडू शकते.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये घरोघर पाहणी सुरू केली. तिथे दर २०० प्रौढांमागे साधारण एकाला आमवात आढळला. सांधे, पाठ, स्नायू दुखणारी माणसे मात्र त्याहून कितीतरी जास्त होती.

बीड जिल्ह्यात आमवात आणि कष्टाने येणारे दुखणे यांतला फरक ओळखणे फार गरजेचे आहे. दरवर्षी येथून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. वाकून ऊस तोडणे, डोक्यावर मोळी घेऊन गाडीत चढवणे, यांनी कंबर आणि गुडघे दुखतातच. खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. आमवाताची खूण वेगळी असते. दोन्ही हातांच्या बोटांची पेरे आणि मनगटे सुजतात. सकाळी हात तासभर तरी आखडलेले राहतात आणि काम सुरू झाल्यावर सैल होतात. असे सहा आठवडे चालले तर आमवाताची शंका घ्यावी.

निव्वळ रिपोर्टवर निदान करता येत नाही. क्षयरोग, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी यांत आणि धडधाकट वृद्धांतही ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर पॉझिटिव्ह येऊ शकतो. अँटी-सीसीपी अधिक भरवशाचे आहे, पण आमवाताच्या अनेक रुग्णांत तेही निगेटिव्ह येते. म्हणून आधी सांधे तपासून मग रिपोर्ट वाचावा लागतो. त्यासाठी बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठता येते.

आमवाताने झिजलेले हाड पूर्ववत होत नाही, पण वेळेवर दिलेले मेथोट्रेक्सेट ही झीज रोखू शकते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्यास ती जिवावर बेतू शकते. गरोदरपणात ती चालत नाही. उपचार सुरू असताना रक्त आणि यकृताची तपासणी ठरल्या वेळी करून घ्यावी लागते, ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात असले तरीही.