शेगडी, शेक आणि पहाटेची आंघोळ

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी जाऊ लागतो आणि आमच्या निफाड तालुक्यात संध्याकाळी घराघरांची दारे लवकर लागू लागतात. महाराष्ट्राच्या सपाट भागातील सर्वांत कमी तापमानाची नोंद पुष्कळदा याच तालुक्यातून येते. काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरलेला आहे. अशा रात्री द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात, वेलींना उबेसाठी धूर केला जातो, पहाटे पाणी सोडले जाते. मला नेहमी एका गोष्टीचे नवल वाटते. बागेत थर्मामीटर टांगणाऱ्या घरात आजोबांच्या खोलीत मात्र तो नसतो.

गेली सत्तावीस वर्षे मी या परिसरात रुग्ण तपासते. थंडीचे आजार म्हटले की सर्दी, खोकला आणि गुडघेदुखी एवढेच डोळ्यांपुढे येते. ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र खरा धोका बहुधा निराळ्याच वाटेने येतो, आणि तो पुष्कळदा प्रेमाने केलेल्या एखाद्या उपायातून येतो. थंडी पूर्ण उतरण्याआधीच त्याविषयी बोलावे, म्हणून हा लेख.

आपली घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. उंच छत, पत्रा, गार फरशी, वारा खेळावा म्हणून समोरासमोर खिडक्या. ही सारी सोय जानेवारीत उलटते. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली घर आणि आरोग्य यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत थंड हंगामात घरातील तापमान 18 अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ नये असे सुचविले आहे. भिंतीवर टांगण्याचा साधा थर्मामीटर आणून ज्येष्ठांच्या खोलीत पहाटे चारच्या सुमारास एकदा पाहावे. पुष्कळांना आश्चर्य वाटेल.

वय वाढते तसे शरीरातील स्नायू घटतात आणि स्नायू ही उष्णतेची भट्टी असते. कातडीखालची चरबीही पातळ होते, हुडहुडी उशिरा भरते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थंडी वाजत असल्याची जाणीवच बोथट होते. म्हणून ‘मला नाही वाजत थंडी’ हे आजीचे वाक्य खरे असते, पण त्यावर विसंबून चालत नाही. थायरॉइडची कमतरता, मधुमेह, झोपेच्या गोळ्या आणि स्मृतिभ्रंश यांमुळे ही अडचण आणखी वाढते.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी ब्याऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांना घेऊन त्यांची सून आणि नातू दवाखान्यात आले. बोलणे जड झालेले, चेहरा फिकट, विचारल्या प्रश्नाला उशिराने उत्तर. अर्धांगाचा झटका असावा, अशी घरच्यांना भीती. हातापायांत शक्ती दोन्हीकडे सारखीच होती आणि रक्तातील साखरही ठीक होती. मी थर्मामीटर लावला, तर पारा हलेना. यंत्र बिघडले असेल म्हणून दुसरा लावला, तोही तसाच. मग लक्षात आले की पाऱ्याच्या जुन्या थर्मामीटरची पट्टी मुळी 35 अंशांच्या आसपासच सुरू होते. आजोबांचे शरीर त्याहून थंड होते. पोटावर, कपड्यांच्या आत हात ठेवला आणि तो मातीच्या माठाला लागावा तसा गार लागला.

उलगडा सुनेच्या बोलण्यातून झाला. ते दाराजवळ जमिनीवर सतरंजी टाकून निजत, कारण खाटेवरून पडण्याची त्यांना धास्ती होती. रात्री लघवीला उठताना धोतर ओले झाले आणि कुणाला उठवायला नको म्हणून ते तसेच निजले. बाहेर गोठून जावे असे काही झाले नव्हते. ओले वस्त्र, खालची फरशी आणि दाराच्या फटीतला वारा एवढेच पुरले. जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयात चार दिवस काढून ते घरी आले, पण त्या सकाळी घरच्यांनी ‘झोपू द्या, दमले असतील’ म्हटले असते तर काय झाले असते, हे मला सांगवत नाही.

म्हणून काळजी घेणाऱ्यांनी ही खूण लक्षात ठेवावी. हातपाय गार असणे हे नित्याचे आहे. पण पोट किंवा काख गार लागत असेल, त्यासोबत सुस्ती, अडखळते बोलणे, झोकांड्या किंवा गोंधळलेपणा असेल, तर ते संकट समजावे. आधी ओले कपडे काढून कोरडे घालावेत, डोक्यासकट गोधडीत गुंडाळावे, खालीही जाड अंथरूण सारावे. माणूस पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल तरच कोमट दूध किंवा चहा द्यावा. हातपाय जोराने चोळू नयेत, गरम पाण्यात बुडवू नयेत. आणि ब्रँडीचा चमचा तर मुळीच नको. दारूने कातडीच्या रक्तवाहिन्या फुलतात, वरवर ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. एवढे करीत असतानाच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

निजण्याची व्यवस्था आताच बदलावी. जमिनीवर निजण्याची सवय मोडवत नसेल तर खाली चटई, त्यावर जाड गादी आणि दारापासून दूरची भिंत. अंगावर एक जाड रग टाकण्यापेक्षा दोन-तीन पातळ पदर चांगले, कारण त्यांमध्ये अडकलेली हवाच ऊब धरून ठेवते. आत सुती, वर लोकरी. डोके आणि कान झाकावेत. मात्र माकडटोपीने ऐकू कमी येते आणि हाक मारली तरी आजोबा वळत नाहीत, हे ध्यानात घ्यावे. नुसते मोजे घालून गुळगुळीत फरशीवर चालणे म्हणजे घसरण्याला आमंत्रण. तळपायांना तेल चोळून लगेच उठणे त्याहून वाईट. माझ्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या खुब्याच्या हाडाच्या मोडींत या दोन गोष्टी वारंवार भेटतात. तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे मिळतात, ते घ्यावेत किंवा मोज्यांवर मागे पट्टा असलेली चप्पल घालावी. तेल लावल्यावर पाय पुसून मगच उभे राहावे.

थंडीत लघवी जास्त होते. कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आतल्या बाजूला सरते आणि मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकतात. रात्री उठावे लागू नये म्हणून ज्येष्ठ मंडळी दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग बद्धकोष्ठ होतो, लघवीला जळजळ होते आणि उठल्यावर चक्कर येते. पाणी कमी करू नये, त्याची वेळ बदलावी: बराचसा वाटा दुपारी चारपर्यंत, संध्याकाळी थोडे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचे माप ठरवून दिलेले असेल, तर ते माप मोडू नये. खाटेजवळ लघवीचे भांडे आणि रात्रभर मंद दिवा ठेवण्यात काहीही कमीपणा नाही.

आता शेगडीविषयी. एक वृद्ध जोडपे सकाळी डोकेदुखी आणि मळमळीची तक्रार घेऊन आले. दोघांनाही एकाच वेळी, आणि घराबाहेर आल्यावर थोडे बरे वाटत होते. रात्री काय जेवलात, हे विचारण्याआधी मी विचारले, रात्री काय पेटवले होते? कोळशाची शेगडी, खोलीत, खिडक्या बंद, दाराखाली गोणपाट. निखारे लाल झाले की धूर दिसत नाही आणि माणसाला वाटते, आता धोका टळला. धोका तर तेव्हाही चालूच असतो. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला ना रंग ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट जोडला जातो आणि झोपेतला माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. ते दोघे सुदैवी, की वरचा एक कौल फुटलेला होता.

कोरोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसवते. या विषबाधेत ते 97 किंवा 98 असा निर्धास्त आकडा दाखवू शकते, कारण त्याला दोन्ही वायूंतील फरक कळत नाही. आकड्यावर न जाता आधी माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णालय गाठावे. शेगडी, घमेल्यातले निखारे आणि कोळशाची धुरी बंद खोलीत निजताना कधीही नको. शेकायचे असेल तर अंगणात, आणि तेही पदर व शाल सावरून.

न्हाणीघरातील गॅसगिझरही याच वायूचा धोका घेऊन येतो. तो शक्यतो न्हाणीघराबाहेर बसवून घ्यावा. आत असेल तर पाणी बादलीत भरून, गिझर बंद करून, झरोका उघडा ठेवून मग आंघोळीला बसावे. पाणी तापवण्याचा विजेचा रॉड वापरणाऱ्यांनी आधी बटण बंद, मग प्लग बाहेर आणि मगच पाण्याला हात, हा क्रम चुकवू नये. हे काम ज्येष्ठांवर सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गरम पाण्याच्या पिशवीची गोष्ट माझ्याच चुकीची आहे. मधुमेही आजींचे गुडघे दुखत होते. गर्दीच्या वेळी मी घाईने म्हणाले, ‘शेक घ्या, बरे वाटेल.’ आठवड्याने त्या आल्या त्या पोटरीवर आणि टाचेवर मोठे फोड घेऊन. पिशवी पायथ्याशी ठेवून त्या निजल्या होत्या आणि चटका त्यांना कळलाच नव्हता. दीर्घकाळच्या मधुमेहाने पायांच्या संवेदना गेल्या असतील हे मी तपासायला हवे होते. मी तपासले नव्हते. टाचेची जखम भरायला अडीच महिने लागले. आजींनी मला कधी बोल लावला नाही, पण तेव्हापासून शेक सांगण्याआधी मी पायांवर कापूस फिरवून पाहते. मधुमेहींनी, अर्धांग झालेल्यांनी पिशवी अंगाला लावून निजू नये. अंथरूण तासभर आधी पिशवीने तापवावे आणि निजण्यापूर्वी ती काढून घ्यावी. शेक घ्यायचाच तर पाणी उकळते नको, पिशवीवर टॉवेल हवा, मुदत दहा-पंधरा मिनिटे आणि तपमान घरातील दुसऱ्या कुणी आपल्या हाताने पाहिलेले.

थंडीत रक्तवाहिन्या आकसल्याने रक्तदाब चढतो. हृदयविकार आणि अर्धांगाचे झटके हिवाळ्यात वाढतात, त्यांतही पहाटेची वेळ नाजूक. उन्हाळ्यात बसवलेला गोळ्यांचा हिशेब आता पुरेलच असे नाही. म्हणून नोव्हेंबरातच एकदा रक्तदाब दाखवावा. गोळी मनाने वाढवू नये, सोडू नये. घरी मोजताना स्वेटरच्या बाहीवर पट्टा बांधू नये, आकडा चुकतो. फिरायला जायचे ते ऊन पडल्यावर. धुके आणि धूर दाटलेला असताना दमेकऱ्यांनी घरातच फेऱ्या माराव्यात आणि श्वासाचा पंप उशापाशी ठेवावा.

सर्दीच्या तयार गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. नाक मोकळे करणारी त्यांतील काही औषधे रक्तदाब वाढवतात, तर सर्दी सुकवणाऱ्या औषधांनी प्रोस्टेटची गाठ असलेल्या पुरुषांची लघवी अडते आणि वयस्करांना भ्रम होतो. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे जातात. न्यूमोनियाच्या लसीविषयीही त्याच भेटीत विचारावे.

आहाराचे फार सांगत नाही, ते आपल्या आजीला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. बाजरीची भाकरी, तीळ, लसूण, पालेभाज्या उत्तम. डिंकाचा लाडू मधुमेहींना ‘औषधी’ म्हणून माफ होत नाही. त्यात गूळ असतोच. कातडी कोरडी पडून खाज सुटते तेव्हा साबण कमी करावा, पाणी कोमट ठेवावे आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधे मलम लावावे.

आणि आंघोळ. कार्तिकात देवळात पहाटेचा काकडा असतो आणि त्याआधी आंघोळ, हा अनेकांचा नेम. माझ्या रुग्णांपैकी एक निवृत्त गुरुजी, वय अठ्ठ्याहत्तर, दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या वाहिनीत स्टेंट बसवलेला. पहाटे पाचला आंघोळ, मग ओल्या डोक्याने देऊळ. मुलगा रागावून दमला. ‘बाबा, हट्ट सोडा,’ या वाक्याने कुठल्याही वडिलांनी हट्ट सोडल्याचे मी पाहिलेले नाही. मी त्यांना विचारले, ‘गुरुजी, नेम वेळेचा आहे की पूजेचा?’ ते म्हणाले, ‘डॉक्टर, चाळीस वर्षांचा आहे, एवढे मला माहीत.’ बराच वेळ बोललो. शेवटी ठरले ते असे: पहाटे उबदार खोलीत हात, पाय, तोंड धुऊन, धूत वस्त्र नेसून घरीच नामस्मरण, ऊन चांगले तापल्यावर अकराला आंघोळ. कोमट पाणी, बसायला स्टूल, टॉवेल आणि कपडे हाताशी, कडी आतून न लावता. काकड्याला जायचे तर शेवटच्या दिवशी, कान झाकून, नातवाचा हात धरून.

गुरुजींना एकच शंका उरली होती, देवांच्या स्नानाची. ती त्यांच्या पत्नीने दारातूनच मिटवली: ‘देवांनाही अकरालाच घालू. पहाटेच्या गार पाण्यात त्यांना तरी कशाला बसवायचे?’