आधी पानं मोजा, मग प्रिंटर घ्या

उच्च न्यायालयाचं खंडपीठ १९८१ पासून छत्रपती संभाजीनगरात आहे. त्यामुळे सिडकोपासून उल्कानगरीपर्यंत कितीतरी घरांत पुढची खोली म्हणजे वकिलाचं ऑफिस. अशा घरी लेझर प्रिंटर घ्यायचा तर आधी तो चालतो कसा, हे समजून घ्यावं. यंत्राचा एकेक भाग कळला की खरेदीचा एकेक प्रश्न सुटत जातो.

लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते. टोनर असतो, म्हणजे प्लास्टिकमिश्रित अतिशय बारीक पूड. आतल्या गोल ड्रमवर विद्युतभार चढवला जातो. अक्षरं हवीत तिथला भार लेझरचा किरण बदलतो आणि नेमक्या त्याच जागी टोनर चिकटतो. ड्रमवरून तो कागदावर उतरतो. शेवटी फ्युजरचा रोलर साधारण २०० अंश सेल्सिअसच्या उष्णतेने तो वितळवून कागदावर पक्का बसवतो. पान हातात गरम येतं ते यामुळे.

आता हेच भाग आपल्या घरात बसवून पाहू.

टोनर पूड असल्यामुळे वाळत नाही. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात सुट्टीवर गेलात तर इंकजेटची बारीक छिद्रं बुजू शकतात; लेझर परत आल्यावर लगेच कामाला लागतो. न्यायालयीन कागदांना काळी छपाई पुरते, तेव्हा रंगीत लेझरच्या चार टोनरांचा खर्च कशाला?

काही प्रिंटरांत ड्रम टोनरच्या कार्ट्रिजमध्येच असतो, काहींत वेगळा. वेगळा असेल तर तो किती पानांनी बदलावा लागतो आणि केवढ्याला मिळतो, हे दुकानातच विचारा.

फ्युजर तापताना एकदम जास्त वीज ओढतो. म्हणून लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसला जोडू नका, थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडा.

दोन्ही बाजूंनी आपोआप छापण्याची सोय घ्याच. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-फोर कागदावर दोन्ही बाजूंनी छपाई स्वीकारली. मात्र दोन्ही बाजूंनी छापताना कागद निम्मा लागतो, टोनर तेवढाच. तुमच्या कामाला लीगल कागद लागत असेल तर तो ट्रेमध्ये मावतो का, तेही पाहा. पावसाळ्यात रीम उघडी ठेवू नका. दमट कागद वाकतो आणि आत अडकतो.

राहिला पैशांचा हिशोब. एका रीममध्ये ५०० कागद असतात; महिन्याला किती रिमा संपतात, ते पाहा. समजा, महिन्याला ४०० पानं छापता, म्हणजे वर्षाला ४,८००. एका प्रिंटरचं कार्ट्रिज ४,५०० रुपयांचं आणि १,५०० पानांचं, तर पान ३ रुपयांना पडतं. दुसऱ्याचं ६,००० रुपयांचं आणि ३,००० पानांचं, तर २ रुपयांना. वर्षाला ४,८०० रुपये वाचतात; दुसरा प्रिंटर तेवढा महाग असला तरी वर्षभरात बरोबरी होते. डब्यावरचा पानांचा आकडा साधारण ५ टक्के भाग छापलेल्या पानाचा असतो. ठळक मथळे आणि रकाने असतील तर पानं कमी निघतात. नव्या प्रिंटरसोबत बहुतेकदा कमी भरलेलं कार्ट्रिज येतं, हेही हिशोबात धरा.

दुकानात जाताना आपलाच एखादा मसुदा पेनड्राइव्हवर न्या. तुमच्या नेहमीच्या कागदावर त्याची प्रिंट काढायला सांगा, जोडाक्षरं नीट पाहा आणि अक्षरांवर अंगठा घासा. अंगठा स्वच्छ राहिला, तर फ्युजरने आपलं काम नीट केलं आहे.